चूक दीर्घ, चुका ऱ्हस्व

छापखान्यात त्याला सगळे ‘वेलांटीराव’ म्हणत, आणि त्यालाही त्यात काही गैर वाटत नसे. तीस वर्षं मुद्रितं तपासण्यात गेलेली. दुसऱ्याच्या लिखाणातली वेलांटी पहिली की दुसरी, उकार ऱ्हस्व की दीर्घ, हे बघणं हाच त्याचा पोटापाण्याचा उद्योग. नव्या माणसाला तो धंद्याचं गुपित सांगे, "अर्थाकडे बघायचं नाही. अर्थात शिरलात की चुका निसटल्याच म्हणून समजा." आणि पाठोपाठ आवडता नियम, "एक असली तर चूक, दीर्घ. अनेक झाल्या की चुका, ऱ्हस्व." हा नियम घरी जेवताना इतक्यांदा ऐकवून झाला होता, की बायको घास चावता चावता त्याच्याबरोबर म्हणत असे.

बायको रुग्णालयात परिचारिका. तिची सकाळची पाळी. ती साडेसहाला बाहेर पडे तेव्हा हा घोरत असे, म्हणून ती फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावून जाई. ‘दुध तापवुन ठेवा.’ ‘नळ गळतोय, विसरु नका.’ हा उठे, चहा करी, कानावरची तांबडी पेन्सिल काढी (उठल्या उठल्या ती कानावर कशी येई, देव जाणे) आणि चिठ्ठी दुरुस्त करी. दुध नव्हे, दूध. तापवुन नव्हे, तापवून. खाली शेरा, ‘चुका दोन. बाकी ठीक.’ दूध तापवायचं बहुतेक वेळा राहूनच जाई.

एका सोमवारी दार कोरं. मंगळवारीही तेच. बुधवारी त्याने गुडघे टेकून फ्रिजखाली हात घातला, चिठ्ठी गळून पडली असेल म्हणून. एक वाळलेलं लिंबू मिळालं.

"चिठ्ठी नाही लावलीस?" त्याने संध्याकाळी विचारलं.

"तोंडाने सांगते ना. बोलण्यात उकार दिसत नाहीत."

"पण तू तर काहीच सांगितलं नाहीस."

"सांगण्यासारखं काही नव्हतं," असं म्हणून ती ताट उचलून आत गेली.

आता खरं सांगायचं तर, चिठ्ठीवाचून कुणाचं काय अडतं? पण याचं अडलं. चहा बेचव लागू लागला. छापखान्यात एका पानावर तेवीस चुका सापडल्या, तरी गड्याचं मन लागेना. सकाळची ती पाच मिनिटं, गरम कप आणि तिचं गिचमिड अक्षर, हेच आपलं सुख होतं, हे त्याला पन्नाशी उलटल्यावर कळलं. आणि आता ते परत कसं मिळवायचं, हे काही केल्या कळेना.

दहाव्या दिवशी सकाळी राहवेना, तेव्हा त्याने बिस्किटांचा जुना डबा काढला. तिच्या सगळ्या चिठ्ठ्या त्यात होत्या. चुकांचे नमुने म्हणून ठेवल्यात, असं तो स्वतःला सांगत आला होता. सगळ्यात वर शेवटची चिठ्ठी. दुरुस्त्या त्याच्याच हातच्या, शोधायला काही उरलेलंच नव्हतं. त्यामुळे नजर पहिल्यांदाच घसरली ती थेट अर्थावर.

‘मला मुख्य परीचारीका केलं. खुप आनंद झाला. संध्याकाळी लवकर या.’

खाली शेरा होता, ‘चुका तीन. बाकी ठीक.’

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी तो नऊला घरी उगवला होता. ती ठेवणीतले कपडे घालून टेबलाशी बसली होती, आणि या शहाण्याने विचारलं होतं, "कुठे जाऊन आलीस का?"

त्याने कागद घेतला, एक ओळ खरडली आणि ती पुन्हा न वाचता फ्रिजवर लावली. असं त्याच्या हातून आयुष्यात प्रथमच घडत होतं.

संध्याकाळी पाचच्या ठोक्याला तो घरी हजर. बायको टेबलाशी वर्तमानपत्र वाचत असल्याचं सोंग करत होती. तो फ्रिजपाशी गेला. सकाळी त्याने लिहिलं होतं, ‘माझी चुक झाली.’ चुक! ऱ्हस्व! त्याचे कान तापले. मग दिसलं, की उकाराला कुणी हात लावलेला नाही. तांबड्या पेन्सिलीने केलं होतं ते असं: ‘माझ्या चुका झाल्या.’ आणि खाली शेरा, ‘उकार बरोबर आहे. वचन चुकलं. बाकी ठीक. दुध तापवुन ठेवा.’

"वाचलं?" वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"वाचलं."

"अर्थासकट?"

"अर्थासकट." त्याचा हात कानाकडे गेला होता, तो त्याने खाली घेतला. गॅसवर दूध ठेवलं, खुर्ची ओढली आणि म्हणाला, "मुख्य परिचारिकाबाई, कसं झालं ते पहिल्यापासून सांग बघू."

ती सांगू लागली. कुणी नाव सुचवलं, कुणी नाक मुरडलं, मोठ्या डॉक्टरांनी उभं राहून टाळ्या कशा वाजवल्या. तो हनुवटीला हात लावून ऐकत होता, मध्ये एकदाही न टोकता. त्याच्या पाठीमागे गॅस चर्रकन वाजला.

"अहो, दूऽऽध!" ती ओरडली.

"दीर्घ!" तोही आनंदाने ओरडला. "ऐकू आलं!"