कोरडा कागद

मी एक जुनी कानस आहे. मित्रांनो, माझे दात बोथट झाले आहेत, अंगावर गंज चढला आहे. पण माझी मूठ तेवढी पाहा. ती लाटण्याची आहे.

धुळ्याच्या एका दुकानातून मी पिंपळनेरच्या यादवभाऊंच्या पिशवीत आले. भाऊ प्लंबर. माझी मूळची मूठ लवकरच फुटली, तेव्हा त्यांच्या पत्नी द्रौपदाबाईंनी आपलं मोडकं लाटणं पुढे केलं. त्याचा तुकडा माझ्या शेपटीवर ठोकून बसवला. मी तेव्हापासून जणू त्या घरचीच झाले.

माझं काम साधं. सांडपाण्याचा प्लॅस्टिकचा पाइप करवतीने कापला की त्याची कड धारदार राहते. तो ज्या तोंडात बसवायचा, तिथे रबराची घट्ट रिंग असते. कड तशीच रेटली तर रिंग आत दुमडते. वरून सगळं ठाकठीक दिसतं आणि आत जोड गळत राहतो. म्हणून भाऊ आधी माझ्याकडून कड उतरती करून घेत, तिला साबण लावत आणि मग पाइप हळूहळू फिरवत आत रेटत. शेवटी जोडाखाली वर्तमानपत्र पसरून वरून बादलीभर पाणी सोडत. कागद कोरडा राहिला तरच पिशवी आवरायची, हा त्यांचा नेम. तो कागद ते घरी आणत आणि द्रौपदाबाई तो स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली अंथरत. गावातल्या किती मोऱ्यांचे कोरडे कागद त्या फळ्यांवर होते! लोक भाऊंच्या हाताची तारीफ करत आणि पिशवीत पडल्या पडल्या मीही फुशारून जाई.

मग त्यांच्या मुलीचा, समीक्षाचा साखरपुडा ठरला. पाहुण्यांसाठी घरामागे नवी न्हाणी बांधली. लोकांची कामं उरकता उरकता घरचा पाइप त्या दिवशीच्या सकाळपर्यंत राहून गेला. भाऊंनी माझ्यासाठी पिशवीत हात घातला, तेवढ्यात नवी साडी सावरत द्रौपदाबाई मागच्या दारात आल्या.

"ऱ्हाऊ द्या ते घासनं. पाइप बसस ना? मंग जायं. पाव्हना येतीन आते."

पाइप बसला की झालं, पाहुणे आता येतीलच, असं त्यांचं म्हणणं. भाऊ हसले. "घरनंच काम शे, करसू मंग," म्हणाले, मला पुन्हा पिशवीत टाकलं आणि पाइप तसाच आत रेटला. कागदही पसरला नाही, जोडावर तशीच फरशी बसवली. साखरपुडा थाटात झाला. ते 'मंग' मात्र कधी आलंच नाही.

मागच्या दाराशी फरशी ओली राहू लागली. द्रौपदाबाईंना वाटे, आपल्याच धुण्याचं पाणी असेल. प्लंबरच्या घरचा जोड गळेल, हे कुणाच्या मनात तरी येईल का? फरशीवर शेवाळ धरलं. एका सकाळी कळशी घेऊन निघालेल्या द्रौपदाबाई तिथेच घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. धुळ्याला दवाखान्यात नेलं, परत आणलं, पण त्या अंथरुणावरून उठल्या नाहीत. थंडी सरता सरता गेल्या.

त्यांच्या मागे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली. मग भाऊंनी मागची फरशी उखडली आणि जोड ओढून काढला. आत रिंग दुमडलेली होती. ती हातात धरून ते मातीतच बसले आणि ओक्साबोक्शी रडले. मी लोखंडाची, मला रडता येत नाही, पण त्या दिवशी फार वाटलं की यावं.

रडू ओसरल्यावर त्यांनी मला बाहेर काढलं. कितीतरी वेळ ते कड घासत राहिले. समीक्षा दारात येऊन म्हणाली, "बाबा, आते कसाले?"

"पानी ते रोज जास, बेटा," ते म्हणाले.

नवी रिंग, साबण, पाइप बसला. खाली कागद पसरला, पाणी सोडलं. कागद कोरडा राहिला. सवयीने तो घेऊन भाऊ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. "दख व, कोरडा शे," जणू द्रौपदाबाईंनाच दाखवत म्हणाले आणि तिथेच थांबले. मग त्यांनी स्वतःच एकेक डबा उचलून तो फळीवर अंथरला. वेडावाकडाच बसला.

मित्रांनो, हत्यारांना तेल लावा, गंजू देऊ नका, असं मी सांगणार होते. पण माझं एवढंच ऐका. परक्यांच्या घरी जी कानस काढता, ती आपल्या माणसांसाठीही पिशवीतून काढा. भाऊ आता काम घेत नाहीत. मी त्याच फळीवर, त्याच कागदावर पडून असते. ते रोज येतात, मला उचलतात आणि माझी मूठ नुसती हातात धरून उभे राहतात.