दोन खाचांची शेळी

"धंदा काय लिहू, आज्जी?" हातात फॉर्म घेऊन स्वप्नालीनं विचारलं.

ठकुबाईच्या मांडीत करडू होतं. त्याची मान तिनं काखेत दाबली होती, उजवा कान दोन बोटांत ताणून धरला होता आणि दुसऱ्या हातात ब्लेड होतं. असल्या वेळी तिच्याशी बोलायची घरात कुणाची छाती नव्हती. पण ही नात दोन वर्षं पुण्याला राहिलेली. तिला विसर पडला असावा.

"इमान चालवती म्हून लिव," ठकुबाई म्हणाली.

कानाच्या खालच्या कडेला दोन खाचा पडल्या. करडू एकदाच ओरडलं. तिनं राख आणि हळद दाबून धरली, रक्त थांबलं तसं करडू सोडून दिलं आणि त्याच्या जुळ्या बहिणीला मांडीत ओढलं. दोन खाचांची ही खूण तिच्या आजेसासऱ्यापासूनची. आपलं जनावर हजारात उभं केलं तरी आपण ओळखतो, अशी ठकुबाईची ख्याती होती आणि ती गावोगाव पोचवायचं कामही तिनं स्वतःच केलेलं होतं.

स्वप्नाली गुन्हेगारीचा अभ्यास करत होती. गुन्हा का होतो, पोलीस काय करतात, तुरुंगातून सुटलेल्या माणसाचं पुढं काय होतं, असलं सगळं. भोरच्या बाजारात कुणी विचारलं की ठकुबाई सांगायची, आमची नात चोरांची मास्तरीण होणार. आता कॉलेजनं प्रत्येकाला एक लहानसा जुना गुन्हा शोधायला सांगितला होता. ज्याचं गेलं त्याला विचारायचं, ज्याला शिक्षा झाली त्याला विचारायचं आणि लिहून आणायचं. स्वप्नालीला लांब जावं लागलं नाही. आठ वर्षांपूर्वी घरातल्याच पाच शेळ्या चोरीला गेल्या होत्या. तिनं कोर्टातून कागदांच्या नकला काढल्या आणि सुट्टीला घरी आली.

"हितं तुझं नाव लिहिलंय बघ. पीडित व्यक्ती."

"म्हंजी?"

"ज्याचं नुकसान झालं ती."

"मला पीडायला कुणाची टाप हाय?" ठकुबाई म्हणाली. "खोड ते."

स्वप्नालीनं खोडलं नाही. तिनं नकलेचा कागद काढला आणि आजीचा जबाब वाचायला घेतला. ठकुबाई दुसरी शिकलेली. सही करायची, पण कागद वाचायच्या भानगडीत ती कधी पडली नव्हती. त्यामुळं आपलंच बोलणं सरकारी भाषेत ती आज पहिल्यांदा नीट ऐकत होती.

"सदर शेळीच्या उजव्या कानास असलेली खूण आमची आहे. माझे मयत पती रायबा यांनी मला सांगितल्याशिवाय कोणासही जनावर दिलेले नाही. माझा जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे."

ब्लेड कानापाशी येऊन थांबलं.

तिनं सांगितलं होतं ते असं नव्हतं. ती चौकीत उभी राहून म्हणाली होती, की माझ्या धन्यानं मला न इचारता शेळी काय, शेळीची लेंडीसुद्धा कुणाला दिली न्हाई. हवालदार हसले होते. तिलाही आपलं बोलणं आवडलं होतं.

शेळ्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षी रायबा वारला होता. पोलिसांनी आसपास शोध घेतला, तेव्हा गडाखालच्या पाली गावाच्या वरच्या अंगाला कोंडिबा म्हणून एक माणूस होता, त्याच्या गोठ्यात दोन खाचांची एक शेळी निघाली. कोंडिबा म्हणाला, ही रायबादादांनी मला अर्धलीनं दिली. अर्धलीनं म्हणजे शेळी मालकाची, सांभाळणार दुसरा आणि होणारी करडं निम्मी निम्मी. असला व्यवहार तोंडीच होतो. दिवाळीनंतर रायबा कळप घेऊन तिकडं जायचा, भाताच्या मोकळ्या खाचरांत खतासाठी रात्रीची मेंढरं बसवायचा. पण त्यानं दिली, हे सांगायला तो उरला नव्हता. राहिली ठकुबाईची जीभ, आणि तिनं निकाल दिला.

कोंडिबाला जामीन राहायला कुणी पुढं आलं नाही. सात महिने तो पुण्याला आत राहिला. मग कुणीतरी त्याला सांगितलं, की कबूल केलंस तर भोगलेली मुदत धरून सोडतील. त्यानं कबूल केलं. शेळी ठकुबाईकडं आली.

इथवर सगळं कागदावर होतं. कागदावर नव्हतं ते एवढंच, की चार वर्षांपूर्वी भोरच्या एसटी स्टँडवर तिला आनंदराव भेटले होते. चौकीत हसले होते तेच हवालदार, आता निवृत्त. त्यांनी चहा पाजला आणि सहज सांगितलं, की घाटात टेम्पोवाली टोळी सापडली, तुमच्या वाडीच्या पाचही शेळ्या आम्हीच नेल्या म्हणतात. ठकुबाईनं चहा संपवला, घरी आली, भाकरी खाल्ली आणि कुणाला काही बोलली नाही. पाचही टेम्पोत गेल्या, तर कोंडिबाच्या गोठ्यातली सहावी कुठली, हा हिशेब दुसरी शिकलेल्या बाईलाही कठीण नव्हता.

"आज्जी, कान धरून बसलीस नुसती," स्वप्नाली म्हणाली.

ठकुबाईनं कान न कातरताच करडू मांडीवरून उतरवलं.

"त्या कोंडिबाकडं कधी जानार तू?"

"उद्या."

"म्या येती."

सकाळी ठकुबाई निघाली ती तेच करडू पिशवीत घालून. पिशवीच्या तोंडातून दोन अख्खे काळे कान बाहेर. नसरापूरला गाडी बदलली, तेव्हा कंडक्टर म्हणाला, म्हातारे, अर्धं तिकीट काढ त्याचं. ठकुबाई म्हणाली, तुझ्या गाडीत ते एकटंच गप बसलंय, त्यालाच सरकारनं पैसं द्याया पायजेत. स्वप्नालीनं दोनदा विचारलं, करडू कशाला? दोन्ही वेळा ठकुबाईनं करडाचे कान पिशवीत ढकलले.

पालीला उतरून अर्धा तास चढ होता. गडावर जाणारी पुण्याची पोरं पाठीवर बोचकी घेऊन पुढं निघून गेली. वाडीत दहाबारा घरं. कोंडिबाचं शेवटचं.

त्यानं ओळखलं. घोंगडी झटकून अंथरली. "बसा, वैनी." त्याची बायको सगुणाबाई चुलीपुढून उठलीच नाही. पाणीही तिनं दिलं नाही. कोंडिबानंच तांब्या आणला.

स्वप्नालीनं फॉर्म काढला. ठकुबाईनं त्यावर हात ठेवला.

"त्याला मागनं इचार. आदी माजं लिव." मग ती कोंडिबाकडं न बघता बोलली. "तुज्या गोठ्यातली शेळी म्या वळकली न्हवती. तिचं शिंग मागं वळल्यालं, आमच्या पाचांत तसलं एकाबी शेळीचं न्हवतं. ते मला तवाच दिसलं. म्या खूण वळकली, आन् शेळी वळकली म्हून सांगितलं. धनी मला न इचारता कुणाला काय देतोय, ह्ये माज्या तोंडातनं निघंना. तुजं खरं हुतं."

कोंडिबानं तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"दादा म्हनलं हुतं, वैनीला मी सांगतो," तो म्हणाला. "ऱ्हाऊन गेलं आसंल."

स्वप्नाली हे वहीत उतरवून घेत होती. तिनं हळूच सांगितलं, की आता कोर्टाचा कागद बदलणार नाही, यांनी कबूल केलंय, हे फक्त माझ्या वहीत राहील. ठकुबाई म्हणाली, ऱ्हाऊ दे, तू लिव.

तेव्हा चुलीपुढून सगुणाबाई बोलली. मान न वळवता.

"घरात बोलल्यालं चुलीत जातं. आठ वरसं हेन्ला कुनी आपल्या गोठ्यात पाय ठिवू दिला न्हाई. एवढ्या वक्ताला नळावर बाया आसत्यात. तितं वाचा."

स्वप्नालीनं आजीकडं बघितलं. ठकुबाईला जन्मात कुणी असं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर सांगणारीच्या सात पिढ्यांची उजळणी झाली असती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि चप्पल न घालता नळाकडं चालायला लागली.

नळावर पाच बायका होत्या. चंद्राबाई नावाची एक म्हातारी हंड्यावर बसली होती, तिनं विचारलं, कोण पावनी म्हनायची? "शेळीवाली," ठकुबाई म्हणाली. मग कुणी काही विचारलं नाही. स्वप्नालीनं वाचलं, शिंगापासून शेवटच्या ओळीपर्यंत. मध्येच एका बाईनं नळ बंद केला, ऐकू यावं म्हणून. वाचून झालं तसं ठकुबाई म्हणाली, पुन्यांदा वाच, मधी पानी वाजत हुतं. स्वप्नालीनं पुन्हा वाचलं. ठकुबाईनं वही हंड्यावर टेकवून सही केली. ठ काढायला तिला वेळ लागला.

परत आल्यावर सगुणाबाईनं चहा ठेवला. साखर घातली का, ते काही ठकुबाईनं विचारलं नाही. तिनं पिशवीतलं करडू काढून कोंडिबापुढं ठेवलं.

"त्याच शेळीच्या वंशातलं हाय. तुज्या वाट्याचं. आनखीबी हायती, आनून दीन. ह्याच्या कानाला ब्लेड लावलं न्हाई. तुजी खूण तू कर."

"म्या खूण करत न्हाई आता, वैनी," कोंडिबा म्हणाला. त्यात राग नव्हता. पाऊसपाण्याचं बोलावं तसं तो बोलला. त्यानं करडू उचललं आणि गोठ्याच्या ताटीआड सोडलं.

निघताना ठकुबाई ताटीपाशी थांबली. आत पंधराएक करडं एकमेकांच्या अंगावर चढत होती, सगळी काळी, सगळ्यांचे कान अख्खे. स्वप्नाली म्हणाली, चल आज्जी, एसटी जाईल. ठकुबाई तरी उभी राहिली. सकाळपासून मांडीवर घेऊन आणलेलं करडू त्यांत कुठलं, ते तिला ओळखू येत नव्हतं.