आता लागत नाही

बाकाखालचा पत्रा निघाला तेव्हा आत नऊ वायरी होत्या. सात लाल, एक पिवळी, आणि एकीचा मूळ रंग सांगता येत नव्हता. त्यांतल्या पाच कुठेच जात नव्हत्या, मध्येच तोडून टोकं दुमडलेली. उरलेल्या चार व्हॅनच्या भिंतीवर चढून आतल्या कापडामागे दिसेनाशा झाल्या होत्या.

"काटेवाले, हा मागचा मालक माणूस होता की उंदीर?" वायरमनने आतूनच विचारलं. त्याचं धड गाडीत आणि पाय बाहेर होते. "एवढा गुंता आमच्या हिच्या विणकामातसुद्धा नसतो."

"सापडेल ना पण?"

"सापडेल हो. मला चकवणारा करंट अजून जन्माला यायचाय."

काटेवाले दारात उभे राहून बघत होते. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचे, हा त्यांचा धंदा आणि त्यावरूनच पडलेलं नाव. बायको गॅरेजच्या सावलीत चाकाच्या खुर्चीत बसली होती. तिचे स्नायू सुकत चालले होते. आधी पाय गेले, मग आवाज इतका बारीक झाला की बोलणं ऐकायला वाकावं लागे. खुर्चीसकट तिला नेता यावं म्हणून त्यांनी ही जुनी व्हॅन घेतली होती.

पण व्हॅन सकाळी चालू होत नसे. बॅटरी रात्रीतून रिकामी. त्यापेक्षा मोठी गोष्ट गेल्या आठवड्यात घडली होती. दवाखान्यात जाताना एका गतिरोधकावर बायकोची मान पुढे पडली ती वर आलीच नाही. काटेवाले पुढे गाडी चालवत होते, मध्ये पत्र्याची भिंत. दवाखान्यापाशी त्यांनी मागचं दार उघडलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. तेव्हापासून ते दर वळणावर गाडी थांबवून मागे जाऊन बघत. मागचे गाडीवाले शिव्या देत.

वायरमनने सकाळी आल्या आल्या बॅटरीला मीटर लावला होता. चावी बंद, दिवे बंद, तरी अर्धा अँपियर कुठेतरी जात होता. त्याने एकेक करून सगळे फ्यूज काढले. आकडा हलला नाही.

"म्हणजे पठ्ठ्याने फ्यूजला बगल देऊन थेट बॅटरीतून लाइन ओढलीय," तो म्हणाला होता. "गाडी पेटली असती म्हणजे कळलं असतं."

आता तीच लाइन धरून तो मधल्या पत्र्यापर्यंत सरपटत गेला, मग पुढच्या दाराने शिरून चालकाच्या सीटखालून त्याने काडेपेटीएवढा एक भोंगा बाहेर ओढला.

"हा बघा चोर! हात लावा."

काटेवाल्यांनी हात लावला. भोंगा गरम होता.

"रात्रंदिवस बोंबलतोय बिचारा. आतली पट्टी गंजून चिकटलीय, म्हणून आवाज नाही. बॅटरी मात्र पितोय."

"पण याला वाजवतंय कोण?"

"तेच शोधू."

मागच्या बाजूचं कापड सोलत गेल्यावर चार बटणं निघाली. पहिलं भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, घराच्या दारावर असतं तसं. दुसरं खाली, खुर्चीच्या हाताजवळ. तिसरं लांब वायरीला लोंबत होतं, तळहातात मावेल अशा स्पंजच्या तुकड्यात बसवलेलं. चौथं बटण नव्हतंच. डोकं टेकायच्या उशीपाशी पितळेच्या दोन पातळ पट्ट्या होत्या, एकमेकींपासून केसाइतक्या अंतरावर ठेवलेल्या. आता त्या वाकून एकमेकींना चिकटल्या होत्या.

"इथे चिकटून करंट चालू राहतोय," वायरमन म्हणाला. "एका भोंग्याला चार चार बटणं! घरात काय लग्नाची घाई होती का याच्या?"

काटेवाले जोड बघत होते. प्रत्येक जोडावर आधी पांढरा दोरा गुंडाळला होता, नंतर टेप. दोऱ्याचे वेढे सगळीकडे सारखेच घट्ट, सारखेच तिरपे. पहिल्या बटणाची टेप नखाने खरवडताच कपचीसारखी तुटली. दुसऱ्याची वाकत होती. तिसऱ्याची ताणली जात होती. चौथ्याची अजून बोटाला चिकटली.

"हात एकच आहे," ते म्हणाले. "पण हे एकदम केलेलं नाही."

वायरमनने चौथ्या जागेच्या पट्ट्या बघितल्या, मग उशी. गालाच्या जागी उशीला खळगा पडला होता. त्याने तोंडात धरलेला स्क्रू काढून खिशात ठेवला.

"विकताना काय म्हणाला होता हो तो?"

"गाडी चांगली आहे म्हणाला. आता लागत नाही, म्हणून काढतोय."

सावलीतून बायकोने काहीतरी विचारलं. काटेवाले जाऊन वाकले.

"दोघं इतके गप्प का झालात? गाडी गेली का?"

"नाही गं. मागे बसणाऱ्याला पुढच्याला बोलावता यावं म्हणून बेल होती. ती बिघडलीय."

"अहो, मग मला हवी आहे ती! दर वळणावर येऊन तोंड बघता माझं. लोकांना वाटत असेल, नवीन लग्न झालंय."

वायरमन हसला, पण नेहमीसारखा नाही. "वहिनी, नवा भोंगा टाकतो, फ्यूज टाकतो, बिनघोर वाजवा. फक्त बटण एकच ठेवू. जितके जोड तितकी भानगड. कुठलं ठेवू?"

काटेवाल्यांनी तिला चारही जागा सांगितल्या.

"दुसरं," ती म्हणाली. "माझा हात तिथेच असतो. पुढची दोन आजाऱ्यांची दिसतात."

वायरमनने पक्कड घेतली आणि काटेवाल्यांकडे पाहिलं.

"थांबा," ते म्हणाले.

त्यांची कामाची पेटी कायम गाडीत असे. मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं, चिमट्याने उचलायची. बटणं सोडवून त्यांनी आडव्या फळीवर ठेवली आणि प्रत्येकावर एकेक वजन चढवत गेले. वायरमनने मीटर जोडून धरला होता. पहिलं बटण चारशे ग्रॅमला बसलं, दुसरं दीडशेला, तिसरं पन्नासला. चौथ्याच्या पट्ट्या त्यांनी सरळ करून वेगळ्या केल्या आणि पेटीतलं सगळ्यात लहान, एक ग्रॅमचं वजन ठेवलं. तेवढं पुरलं.

मग त्यांनी लहान काटा काढला, सराफाकडे असतो तसा. फुंकर मारून ताटली पुसली. शून्य आल्याची खात्री करून तो खुर्चीच्या हातावर ठेवला आणि बायकोचं बोट उचलून ताटलीच्या वर आणलं.

"हे काय, आता मला तराजूत घालताय?" ती म्हणाली. "भाव काय लावलाय?"

"कुणाला परवडायचा नाही. दाब."

"जोरात?"

"आहे तितक्या जोरात. तीनदा. आपल्याकडे तीनदा मोजल्याशिवाय आकडा सांगत नाहीत."

तिने ओठ मिटून दाबलं. गळ्याची शीर वर आली. आकडे भराभर चढले आणि थांबले.

एकसष्ट.

"दीडशे झाले?" तिने विचारलं.

"बोलू नकोस. पुन्हा."

छप्पन्न.

वायरमन दुसऱ्या बटणापाशी पक्कड घेऊन उभा होता. त्याने ती खाली ठेवून पन्नास ग्रॅमवालं तिसरं बटण उचललं. काटेवाल्यांनी काटा पुन्हा शून्यावर आणला. बायकोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि बोट टेकवलं.

अठ्ठेचाळीस ग्रॅम.