खुराड्याखालचा आवाज

महायुद्धाच्या दिवसांत नॉरफकच्या इंग्रजी किनाऱ्यालगत म्युरिएल गॅदरकोलच्या परसात कोंबड्यांचं खुराडं होतं आणि त्याखाली एक चोरखोली. जर्मन उतरलेच, तर तिथल्या वायरलेसवरून त्यांची खबर द्यायची, हे तिचं काम. शपथ देताना लष्करातल्या साहेबाने बजावलं होतं, घरच्यांनाही कळता कामा नये. नवरा पर्सी लढाईवर होता. घरात उरली होती ती नणंद, ऑलिव्ह.

त्या दुपारी वायरलेसवर चाचणीचे आकडे बोलून म्युरिएल शिडी चढली, तर चोरखोलीचं झाकण हलेना.

"वहिनी," वरून ऑलिव्हचा आवाज आला. "अंडी काढायला आले होते. सगळं ऐकलंय मी. कुणाला सांगत होतीस?"

खरं सांगावं तर शपथ मोडते, गप्प राहावं तर फितूर ठरते.

"माझा भाऊ तिकडे मरणाच्या दारात, आणि तू त्याच्याच घरात बसून..." ऑलिव्हला पुढे बोलवेना. पोलिसाला घेऊन येते म्हणाली आणि गेली.

झाकणावर दाण्यांची पोती रचलेली असावीत. हवा जड होत चालली, मेणबत्ती फडफडू लागली. वायरलेस हाताशी होता, पण ठरलेल्या वेळेखेरीज बोलायची बंदी होती. शत्रूचे कानही तिकडेच लागलेले. पोलीस आला की गावभर बोभाटा होणार. पकडलं जाण्याआधी यंत्र फोडायचा हुकूम होता. तिने हातोडा उचलला.

तेवढ्यात पोती सरकली. ऑलिव्ह एकटीच होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

"पोलिसाच्या दारापर्यंत गेले गं. दार वाजवायला हात उचलेना. फासावर चढवतील तुला." मग अगदी हळू म्हणाली, "एवढंच सांग, तू आपल्याच बाजूची आहेस ना?"

नुसतं 'हो' म्हटलं तरी पुढचे प्रश्न येणारच होते. म्युरिएल म्हणाली, "कोंबड्यांना दाणे टाकलेस का?"

ऑलिव्ह पाठ फिरवून घरात निघून गेली. त्या रात्रीपासून ती आपल्या खोलीला आतून कडी लावू लागली. ही कधी बोलून बसेल, या धास्तीने म्युरिएलचीही झोप उडाली.

जर्मन आले नाहीत. पुढे लष्कराची दोन माणसं येऊन वायरलेस घेऊन गेली. पर्सी परतला, त्याच आठवड्यात ऑलिव्ह लिंकन शहरात मावशीकडे कायमची राहायला गेली. काय बिनसलं, असं त्याने विचारलं. नणंदा-भावजयांचं चालायचंच, असं सांगून म्युरिएल बटाटे सोलायला बसली.