डबीतली दहावी टोपी

आमच्या दुरुस्तीच्या दुकानात एक शिस्त आहे. उघड्या मशीनवर जंपर लावला, की मनगटावरचं घड्याळ काढून जंपरच्या डबीत ठेवायचं. जंपर म्हणजे नखाएवढी काळी टोपी, आत पत्र्याचा तुकडा. सर्किटच्या दोन उभ्या पिनांवर ती बसवली की त्या जोडल्या जातात. प्राणवायूचं मशीन उघडलं की त्याचा भोंगा सारखा बोंबलतो, म्हणून काम होईपर्यंत त्याच्या पिनांवर टोपी घालून त्याला गप्प करायचं. काम झालं की टोपी डबीत, घड्याळ मनगटावर. ही शिस्त मीच लावली होती आणि मोडलीही मीच.

सोमवारी दुपारी एका मशीनवर टोपी घातलेली असतानाच बहिणीचा फोन आला, आई पडली. मी डबीतून घड्याळ उचललं आणि पळाले. आईला खरचटलंही नव्हतं. इकडे सहकाऱ्याने पाहिलं, डबीत घड्याळ नाही, म्हणजे काम झालं. त्याने झाकण लावलं आणि मशीन गिऱ्हाइकाच्या घरी पोचवलं.

बुधवारी सकाळी डबी उघडली, तर दहातल्या नऊच टोप्या. सोमवारचं मशीन गेलं होतं त्या घरी फोन लावला, कोणी उचलेना. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन निघाले.

दार आजींनी उघडलं. केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी.

"फोन वाजला का गं? ऐकूच नाही आला," त्या म्हणाल्या. "काय सुंदर दुरुस्त केलंस. दोन दिवस चकार शब्द नाही त्याचा. सात महिन्यांनी झोपले बघ."

आतल्या खोलीत आजोबा भराभरा श्वास घेत होते. नखं निळसर. मशीनपासून नाकापर्यंत येणारी नळी पलंगाच्या पायाखाली चेपली होती. मी पलंग उचलून ती सोडवली आणि आजोबांचा हात धरून बसले. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. पाचेक मिनिटांनी नखांना रंग आला, तेव्हा मी मशीनचं झाकण काढलं.

"आजी, चूक माझी आहे. मशीन गप्प होतं, कारण मी त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं."

टोपी तळहातावर घेऊन दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली, मग आजोबांकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नळी कधी चेपली?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. भोंगा असता तर कळलं असतं."

"सकाळी चादर बदलताना मीच पलंग सरकवला." त्या खुर्चीत बसल्या. "आता पुन्हा वाजेल?"

"वाजेल."

"उगाचसुद्धा?"

"उगाचसुद्धा वाजेल."

त्यांनी मान हलवली. "काढलीस ते बरंच केलंस," म्हणाल्या, आणि डोळे पुसायला घेतलेला पदर तसाच तोंडावर राहिला. बसल्या जागी त्यांना झोप लागली होती.

दुकानात चार मशीनं उघडी पडली होती. माझेही डोळे चुरचुरत होते. तेवढ्यात भोंगा वाजला, उगाचच. आजी दचकून उठायला लागल्या.

"झोपा," मी म्हणाले. "मी आहे."

बटण दाबून भोंगा बंद केला, घड्याळ काढून मशीनवर ठेवलं आणि आजोबांचे श्वास मोजत बसले.