डेलाबाईचा डाग

हनुवटीवर, डावीकडे, मुगाच्या डाळीएवढं काहीतरी.

कपाटात एक तसबीर. तोंड मागच्या फळीकडे.

घोडा थांबतो. बाई उतरते. आवाज नाही.

डाग. पुल्लिंगी. घोटावडे गावात त्याचे अर्थ दोन.

०

आधी बाई. डेला रोव, अमेरिकेतली. शेतकऱ्याची मुलगी. घोड्यांच्या खेळाबरोबर घर सोडून गेली आणि मूकपटांत शिरली. सत्तरेक चित्रपट केले. बोलपट आले तेव्हा ती त्याच स्टुडिओत दुसऱ्या बायांचे झगे शिवत होती. सत्तरातला एकच चित्रपट उरला, तोही बुरशी लागलेला. तो हिंजवडीतल्या एका ऑफिसात, शाइस्ताच्या संगणकावर आला.

शाइस्ताचं काम म्हणजे चित्रपटाचं एकेक चित्र उघडायचं आणि ओरखडे, धूळ, बुरशी पुसायची. उन्हाळाभर ती त्या एका चेहऱ्यासमोर बसली. कंपनीची कॅब मारुंजीत अडकली की तिला डेला आठवायची, सासरी गेलेली मैत्रीण आठवावी तशी.

०

"दिसभर करतीस काय तितं?" तिच्या अम्मीनं, सायरानं, घोटावड्यातल्या घरी भाकरी थापता थापता विचारलं.

"एका जुन्या नटीचे डाग काढते."

सायराचा हात थांबला. तिच्या तोंडी डाग म्हणजे दागिना.

"हाय का ती बाई?"

"न्हाई. लई वर्षं झाली जाऊन."

"मंग काढल्यालं परत घालतीस का न्हाई?"

शाइस्ता हसली. "तसले डाग न्हाईत, अम्मी."

"कसले का असंनात. मेलेल्या बाईचं ठिवून घिऊ न्हाई."

०

दुसऱ्या दिवशी शेवटचा भाग उघडला. डेलाचा चेहरा पहिल्यांदाच पडदाभर. ती घोड्यावरून उतरते, इकडे बघते, हसते. हनुवटीवरचा ठिपका हसण्याबरोबर वर सरकला.

बुरशी सरकत नाही.

तीळ होता तो. लांबच्या चित्रांतून शाइस्तानं तो बुरशी समजून पुसत आणला होता. पार इथपर्यंत.

०

"परत घालू द्या, सर. मूळ चित्रं शुक्रवारी काढून टाकणार. मग कुठूनच यायचा नाही."

कैलास, तिचा टीम लीड, मान वर न करता म्हणाला, "क्लायंटनं आधीचे भाग पास केलेत. चेहरा कसा स्वच्छ वाटतो म्हणाले."

"वाटतो. पण ती वाटत नाही."

"तू भेटली होतीस तिला?"

आजूबाजूचे हसले. शाइस्ताही हसली. आणि तिथंच उभी राहिली.

०

(इथे कपाटातली तसबीर.

शाइस्ताचे अब्बा, पीरमहंमद, टेम्पो चालवायचे. फोटोची हौस नव्हती. ते गेल्यावर लायसनवरचाच फोटो मोठा करायला दिला. फोटोवाल्यानं अब्बांना गोरं केलं, भुवईतली खोक बुजवली, आणि लायसन हरवलं. सायरानं तसबीर हातात घेतली, बराच वेळ पाहिली. "देखणा हाय माणूस," ती म्हणाली. "कोण हाय?")

०

कैलासनं शेवटी मान वर केली. "अजून इथंच का तू?"

"हो."

"शुक्रवारपर्यंत कर. रोजचं काम सांभाळून. आणि क्लायंटनं विचारलं तर तूच बोल."

तिनं मूळ चित्रं उघडली आणि तीळ परत ठेवत गेली. डेला दूर, घोड्यावर: तीळ जेमतेम. डेला विहिरीपाशी: तीळ. डेला पाठमोरी: नाही. वळली: तीळ. शेवटी ती उतरली, हसली, ठिपका वर सरकला, आणि शाइस्ता खुर्चीत मागे टेकली. आता ही इथून जाणार होती.

०

"घातलंस का तिचं तिला?"

"घातलं. एकच होता."

"एकच? गरिबाची असंल."

मग सायरा उठली. कपाट उघडून तिनं तसबीर बाहेर आणली, सुलट केली, पदरानं काच पुसली. भुवईवर बोट ठेवलं.

"हितं व्हती. तुज्या मशिनीत ह्यांची घालता यील?"

"आधीचा फोटो लागतो, अम्मी."

"आधीचा."

"व्हय."

सायराचं बोट काचेवरून लवकर निघालं नाही. शाइस्ता त्या बोटाकडे बघत राहिली. ते उचललं की खाली काय असेल हे दोघींना ठाऊक होतं.

०

पहिल्या एकोणीस चित्रपटांत डेला रोवनं तो तीळ पावडरखाली झाकला होता. विसाव्यापासून तिनं झाकणं सोडलं.