डावा पाय डावाच

माणूस वरून कसा दिसतो ते कुणी बघतच नाही. मी बघते, कारण माझं पोट त्यावर आहे. वरून माणूस म्हणजे आधी डोकं, मग खांदे, आणि त्यांच्याखालून आळीपाळीने डोकावणारी दोन पावलं. चेहरा असून नसल्यासारखा. तरी आपलं माणूस तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बरोबर ओळखू येतं. कशावरून येतं, हा प्रश्न मला नोकरीला लागल्यापासून छळतोय.

मी गेमसाठी माणसं करते. वरून दिसणारं एक गाव असतं आणि त्यात बोटाच्या पेराएवढी माणसं इकडून तिकडे फिरत असतात, ती माझी. पिक्सेल म्हणजे एका रंगाचा बारीकसा चौकोन. रुंदीला सोळा आणि उंचीला चोवीस चौकोन, एवढ्या जागेत टोपी, नाक, स्वभाव, सगळं कोंबायचं. आई म्हणते, "एवढ्याशा बाहुल्यांचा पगार देतात तुला, भले लोक आहेत बाई." मी वाद घालत नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

फक्त एकदा तिला शेजारी बसवून चार चित्रं दाखवली होती. एक पाऊल पुढे, दोन्ही पाय जवळ, दुसरं पाऊल पुढे, पुन्हा पाय जवळ. नुसती बघितली तर चारही मेलेली. मग ती एकामागून एक पळवली, आणि पाय जवळ येतात त्या चित्रांत डोकं एक चौकोन वर उचललं. एकच चौकोन. तो बाहुला चालायला लागला. आईने चष्मा पुसून पुन्हा लावला आणि विचारलं, "आता हा कुठे निघाला?" इतकी वर्षं हेच करतेय, पण तो चौकोन वर गेला की माझ्या अंगावर अजून काटा येतो. कुठून येतो त्यात जीव, देव जाणे.

आता धाकट्याचं सांगते. माझा भाऊ शाळेत कवायत शिकवायचा. पोरं त्याला कवायतसर म्हणायची, आणि घरीसुद्धा हा भाजीची पिशवी घेऊन डावा-उजवा करत यायचा. गेल्या वर्षी मागे येणाऱ्या एका टेम्पोखाली त्याचा डावा पाय सापडला. गुडघ्याच्या खालून काढावा लागला. जखम भरल्यावर हॉस्पिटलच्या कारखान्यात त्याला नवा पाय करून मिळाला. तिथले पाय करणारे गृहस्थ, आम्ही त्यांना पायवाले काका म्हणतो, त्यांनी माप घेऊन, घासून, पुन्हा घासून तो बसवला. खाली बूट, वर करड्या रंगाची नळी, त्याच्यावर गुडघ्याखालच्या उरलेल्या पायाला धरणारी वाटी. पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या हॉलमध्ये हा सात-आठ पावलं चालला आणि सगळ्यांदेखत आडवा झाला. नेमकी त्याच्या शाळेतली एक मुलगी तिथे आजोबांना घेऊन आलेली. ती "सर" म्हणून धावली.

झालं. त्या दिवसापासून पाय बूट घालून दाराआड उभा, आणि हा पलंगावर.

पायवाले काकांनी फोनवर सांगितलं, "पाय वापरात नसला की वरचा उरलेला पाय आकार बदलतो, मग हा बसायचा नाही. आणि कुबड्यांची सवय लागली तर सोडवणं माझ्याच्याने व्हायचं नाही." मुख्याध्यापिका स्वतः घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, "सर, सुट्टी संपून शाळा उघडेपर्यंत तुमची जागा मी धरून ठेवते. पुढचं माझ्या हातात नाही." तो म्हणाला, "बघतो." बघतो म्हणजे भिंतीकडे बघत होता. पंचविशी-तिशीतला माणूस, आणि दिवसभर भिंत.

मी काय काय नाही केलं? समजावलं, ओरडले, एकदा जेवणाचं ताट त्याच्या हाताला लागणार नाही असं लांब ठेवलं. ते आईने गुपचूप जवळ सरकवलं. शेवटी तो म्हणाला, "ताई, तुला काय जातंय सांगायला? उंटावरून शेळ्या हाकायच्या." मला ते असं झोंबलं म्हणून सांगू. माझा धंदाच तो, वरून बघून माणसं चालवायची.

त्याच सुमारास ऑफिसात नवीन काम आलं. आमचं ऑफिस चार टेबलांचं, मालकाला सगळे दाढी म्हणतात. दाढी म्हणाला, गावात शाळा आहे पण मास्तर नाही, एक करून टाक. मी टोपी केली, गळ्यात शिट्टी म्हणून एक पिवळा चौकोन ठेवला, आणि डाव्या गुडघ्याखाली चार करडे चौकोन भरले. हात आपोआप गेला असं म्हणणार होते, पण ते खोटं आहे. मुद्दाम केलं. रुसलेल्या माणसाला चिडवून हसवायचं, ही आमच्या घरची जुनी खोड.

आता आमच्या कामातली एक रीत सांगायला हवी. माणूस डावीकडे जाताना काढायचा आणि तोच उलटा करून उजवीकडे पाठवायचा, आरशात दिसतो तसा. निम्मं काम वाचतं. सगळेच करतात, मीही करत आले, त्यात कधी कुणाला काही वावगं दिसलेलं नाही.

रविवारी लॅपटॉप घेऊन मी त्याच्या पलंगाशी गेले. "नवा मास्तर बघ," म्हटलं आणि बाणांची बटणं त्याच्या हाताशी दिली. त्याने नको-नको करत एक बटण दाबलं. मास्तर डावीकडे चालायला लागला. धाकट्याची पाठ उशीपासून सुटली. मास्तर उजवीकडे आला. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मी हसू येण्याची वाट बघत होते.

"पाय कुठला गेलाय ह्याचा?" त्याने विचारलं.

"डावा. दिसत नाही का?"

"इकडे जाताना डावा. वळला की उजवा. नीट बघ."

मी नीट बघितलं. डावीकडे जाणाऱ्या माणसाचा डावा पाय आपल्या बाजूला येतो, तो करडा होता, बरोबर होतं. उजवीकडे जाताना आपल्या बाजूला उजवा पाय येतो. तोही करडा. उलटा करताना पायाची अदलाबदल झाली होती आणि इतकी वर्षं हे काम करणाऱ्या मला ती दिसली नव्हती.

"अरे, ते उलटं करतात आमच्यात," मी म्हटलं. "सगळेच करतात."

"सगळे करतात म्हणजे?" तो तापला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज मैदानावरचा आला. "डावा-उजवा कळत नाही तुला? पहिलीतली पोरं चुकत नाहीत. माणूस नुसता वळला म्हणून गेलेला पाय परत येतो, आणि असलेला जातो? इतकं सोपं असतं, तर मी दिवसभर वळत बसलो असतो."

त्याचं बरोबर होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. नाकावर राग आमच्या दोघांच्याही. "मग उजवीकडे जाताना कसं दिसतं ते मला काय स्वप्न पडणार? मी पाहिलंय कधी? चालणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलाय. मी कुणाला बघून काढू?"

बोलून गेले आणि जीभ चावली. आई ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. धाकटा पडद्यावरच्या त्या मास्तराकडे बघत राहिला, मग म्हणाला, "दाराआडचा दे इकडे."

मी दिला. त्याने मोजा चढवला, वाटी बसवली, पट्टा ओढला. मला मदत करू दिली नाही. कपाटापासून खिडकीपर्यंतची वाट मोकळी केली. मी लॅपटॉप घेतला आणि जेवणाच्या टेबलावर चढले, कारण मला वरून बघायचं होतं.

"दोघांतलं एक तरी पडणार आज," आई म्हणाली आणि टेबल धरून उभी राहिली.

तो कपाटाला धरून उभा राहिला. ओठांतल्या ओठांत "डावा" म्हणाला आणि निघाला. मी माणसं चालवून चालवून इतकी वर्षं काढली, पण त्या दिवशी कळलं की मी चालणं कधी पाहिलंच नव्हतं. केवढी धावपळ असते त्यात. पाऊल उचलायच्या आधी खांदा सावध होतो, खांद्याच्या आधी मान. कंबर एकीकडे झुकते तर हात लगेच दुसरीकडे जाऊन हिशोब पुरा करतो. आणि हे सगळं आपण दूध आणायला जाताना करतो, मनात भलतंच काहीतरी चाललेलं असताना. मी आ वासून बघत बसले, चित्र काढायचं विसरून.

"काढतेस की नाही?" खिडकीशी पोचून तो ओरडला. घामाने निथळत होता.

"परत ये. एकदाच."

एकदाच, एकदाच करत तो सात-आठ वेळा गेला आणि मी त्याची उजवीकडची चित्रं नव्याने काढली. करडे चौकोन पलीकडच्या पायात गेले, उजव्या पायामागे अर्धे झाकलेले. पळवून बघितलं. पाय बरोबर, बाजू बरोबर, पण मेलेला. काहीतरी राहत होतं. मी त्याला पुन्हा चालायला लावलं आणि मग दिसलं. नव्या पायावर भार टाकायच्या आधी तो थांबायचा. डोळ्याची पापणी लवावी एवढंच. मी ते एक चित्र पडद्यावर जरासं जास्त वेळ राहू दिलं आणि पुन्हा पळवलं.

आईच्या तोंडून "अगं बाई" निघालं. धाकटा माझ्या टेबलाला धरून वाकून बघत होता. त्या चिमुकल्या गावात शाळेसमोरून आमचा धाकटा चालला होता. चेहऱ्याला जेमतेम दोन डोळे, आणि तरी तोच. मला रडू आलं, मी लपवलं नाही.

"मीच आहे," तो म्हणाला. बराच वेळ बघून त्याने विचारलं, "हा थांबतो तिथे ठेव जरा. इथे काय करतोय हा?"

मी चित्र थांबवलं. मास्तराचं डोकं पायांच्या पुढे गेलेलं, पुढचं पाऊल अजून हवेत.

"पडतोय," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे माझं दिसतंच तसं."

"तुझं एकट्याचं नाही रे." मी गावातला वाणी काढून दाखवला, मग पोस्टमन, मग पाण्याची बादली नेणारी बाई. ह्याच जागी प्रत्येकाला थांबवलं. प्रत्येकाचं डोकं पुढे, तोल गेलेला, खाली आधार नाही. "पडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. अंग पुढे पडतं आणि पाऊल येऊन सावरतं. मी न पडणारा माणूस करून बघितलाय, तो चालत नाही, घसरतो."

"सगळेच?"

"सगळेच. तुझी कवायतीची अख्खी रांग पडत पडतच मैदानभर जाते. तू ताल देतोस, एवढंच."

त्याने वाण्याला थांबवून बघितलं, बाईला थांबवून बघितलं. मग न सांगता कपाटापाशी गेला आणि कशाला न धरता उभा राहिला.

पुढे मला काही करावं लागलं नाही. "ताई, पडद्यावर वर जातानाचं राहिलंय ना?" म्हणून तो पाठमोरा चालून दाखवायचा. खाली येतानाचं झालं, तर म्हणे शिट्टी हलत नाही, पुन्हा बघ. दाढीने विचारलं, एका मास्तरावर एवढा वेळ का, बाकीचे उलटे करून भागवतेस ना. मी म्हटलं, ह्याचं भागत नाही. पायवाले काकांनी वाटी पुन्हा थोडी घासून दिली. मधे तो दोनदा पडलाही. एकदा अंघोळीहून येताना, एकदा जिन्याच्या तोंडाशी. दुसऱ्या वेळी मी धावत गेले तर बसल्या जागेवरून मलाच म्हणाला, "सावरायचं चित्र चुकलं."

शाळा उघडायच्या दिवशी त्याने टोपी घातली, शिट्टी गळ्यात टाकली आणि सोबत नको म्हणून बजावून लिफ्टने खाली गेला. मी आणि आई गॅलरीत. रस्ता शाळेच्या पोरांनी भरलेला, सगळ्या टोप्या सारख्या, मोठे कोण आणि लहान कोण तेही वरून कळेना.

"कुठला गं आपला?" आईने कठड्यावरून वाकून विचारलं.

मला शोधावं लागलं नाही. सगळे वाहत होते आणि त्यांच्यात एक टोपी पापणी लवेल एवढी थांबत होती, मग पुढे जात होती. रस्त्याच्या कोपऱ्यावर तो उजवीकडे वळला. डावा पाय पलीकडच्या बाजूला गेला, अर्धा झाकला गेला, जिथे असायला हवा तिथेच.

"तो बघ, थांबतोय तो."

आईने कठडा घट्ट धरला. "पडेल गं तो."

"पडतोच आहे, आई," मी म्हटलं. "बघ, सावरला. आता पुन्हा बघ."